घाई नको, चिठ्ठ्या टाक

चि. मुक्ता हिस,


पहाटे पाठ केलेलं जास्त लक्षात राहतं का, यावर तू प्रयोग करणार हे वाचून फार बरं वाटलं, बाळा. पण होस्टेलमधल्या लवकर उठणाऱ्या मुली एकीकडे आणि उशिरा उठणाऱ्या दुसरीकडे घेऊन आठवड्यात उरकते असं लिहिलंस, तिथे जीव थोडा घाबरला. आपणहून पहाटे उठणाऱ्या मुली मुळातच नेटाच्या असतील, मग गुण पहाटेचा की नेटाचा हे कसं कळणार? कुणी केव्हा पाठ करायचं ते चिठ्ठीलाच ठरवू दे.

तुझ्या सुरतेतच याचा मोठा दाखला आहे. कारखान्याचं प्रदूषण तपासणारा ऑडिटर कारखानदारच निवडे आणि पैसेही तोच देई. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साथीने अहमदाबाद-सुरतकडचे 473 कारखाने घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एकात जुनीच रीत ठेवली. दुसऱ्यात ऑडिटर नेमून दिला, फी ठरावीक, तीही सामाईक निधीतून, वर अधूनमधून फेरतपासणी. 2009 आणि 2010, दोन वर्षं धीर धरला त्यांनी! जुन्या रीतीत धूलिकणांची मर्यादा मोडणारे कारखाने अहवालात अवघे 7 टक्के, प्रत्यक्षात 59 टक्के. नव्या रीतीत खोटं ‘ठीक आहे’ लिहिणं 80 टक्क्यांनी घटलं, आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. कितीतरी ऑडिटर दोन्ही गटांत काम करत होते ग. माणूस तोच, पण पैसे कोण देतं आणि मागून कोण बघतं यावर त्याची लेखणी बदलली. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

मात्र तिथे बऱ्याच गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे वेगळं काढणं अवघड. तू फक्त वेळ बदल. झोप सगळ्यांची पुरेशी होऊ दे, आणि पाठ केल्यापासून विचारेपर्यंतचं अंतर सारखं ठेव.

मुली थोड्याच मिळाल्या तर काटकसरीचा मार्ग आहे: प्रत्येकीला दोन्ही वेळा पाठ करायला लाव, मात्र निम्म्या जणींची सुरुवात पहाटेपासून आणि निम्म्यांची रात्रीपासून, म्हणजे सरावाचा फायदा एकाच बाजूला जाणार नाही. शब्दांच्या याद्या दोन कर, सारख्याच अवघड. परीक्षा होऊन जाऊ दे, मग सुरू कर. चिठ्ठ्यांना जुन्या वहीचे पाठकोरे कागद घे, नवे आणू नकोस.

तुझी,
आजी