शिकलगाराची सुरी

‘शिकलगार’ हा शब्द मुलांना आडनाव म्हणून ठाऊक असतो, धंदा म्हणून नाही. उर्दूच्या तासाला मी तो फोडून सांगते. अरबी ‘सैकल’ म्हणजे धातू घासून लखलखीत करणे, त्याला जोडलेला फारसी ‘गर’ म्हणजे करणारा.

माझे दादा भोर-वेल्ह्याच्या गावांतून साणेचे चाक घेऊन फिरत. त्यांच्या मागे घरात एक अडकित्ता आणि एक सुरी उरली. आमच्याकडच्या धो धो पावसात लोखंड टिकते कुठे! दोन्ही गंजून लाल झाली होती. बी.एड. झाले त्या वर्षी मी हौसेने अडकित्ता सँडपेपरने घासला. चकचकीत निघाला. दादीने दांडीवरून बोट फिरवले आणि विचारले, “नाम किधर गया गे?” दादांनी तिथे टोचणीने तिचे नाव कोरले होते. गंजाबरोबर मी तेही नेले.

तेव्हापासून एक प्रश्न छळतो. जुनी वस्तू जपायची म्हणजे ती पहिल्यासारखी करायची, की झाली आहे तशी राहू द्यायची?

राहू द्यावी, तर गंज थांबत नाही. तो लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, त्याचे पोपडे सुटतात आणि भेगांतून ओल पुन्हा आत शिरते. हात न लावणे हा आदर नव्हे, आळसच. दिल्लीत मेहरौलीला सुमारे 1600 वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ उभा आहे. पण त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त, त्यामुळे वरचा पातळ थरच त्याची राखण करतो. आमच्या सुरीचे तसे नशीब कुठले!

घासावे, तर दर घासण्यात लोखंड जाते. दादांचा धंदाच तो. त्यांच्याकडून धार लावून गेलेली प्रत्येक सुरी थोडी कमी होऊनच परत गेली. पण ती झीज कामासाठी होती, मालकाने सांगून करून घेतलेली. माझी घासाघीस पाहुण्यांना दाखवण्यासाठी. दादीला मी विचारलेसुद्धा नव्हते. सँडपेपरपेक्षा हे न विचारणे मला जास्त टोचते.

सुरी मात्र विचारून केली. सुटा गंज रॉकेल लावून मऊ ब्रशने काढला, मग हिरड्याचा काढा लावला. हिरडस मावळातल्या माणसाला हिरडा काय सांगायचा! त्यातले टॅनिन गंजाशी मिळून निळसर काळा थर धरते. हिरडा आणि हिराकस यांची शाई होई ती अशीच. वाळल्यावर मेण चोळले. सुरी चमकत नाही. पाते जिथे झिजून खळगा पडला आहे, तो तसाच आहे.

अडकित्त्यावर नाव पुन्हा कोरून देऊ का, असे मी दादीला एकदा विचारले.

“तेरी लिखावट में?” ती म्हणाली, आणि सुपारी कातरू लागली.