मधले वीस दिवस

किमोचा पहिला दिवस गडबडीत जातो. कुणी नगरहून पुण्याला निघतं, कुणी जामखेड-कर्जतकडून बार्शीला, कुणी अकोले तालुक्यातून नाशिकला, कुणी थेट परळच्या टाटा रुग्णालयात. पहाटेची एसटी, रिपोर्टांची पिशवी, मग काही तास सलाईन. त्या दिवशी हाकेच्या अंतरावर नर्स असते, डॉक्टर असतात. पुढचा किमो बहुतेक वेळा एकवीस दिवसांनी. मधले वीस दिवस घरी काढायचे असतात आणि पहिल्या खेपेला त्यांची काहीच ओळख नसते. किमो सोसणं म्हणतात ते खरं इथे सुरू होतं.

किमोचं औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर चालून जातं. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात, पण तोंडातलं अस्तर, केसांची मुळं आणि हाडांतल्या मगजात तयार होणारं रक्तही तसंच वाढत असतं. म्हणून तोंड येतं, केस जातात, रक्तपेशींचे काउंट उतरतात. पहिले चार दिवस मळमळ, अशक्तपणा, जिभेला धातूची चव. फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळतं. लोकांच्या मनात किमोची जी धास्ती आहे, ती बरीचशी जुन्या काळातली. 1990 च्या दशकात ऑन्डॅनसेट्रॉनसारखी औषधं वापरात आली आणि उलट्यांचा त्रास पुष्कळ आटोक्यात आला. मात्र उलटीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेला घ्यायची असते. सोसवतंय तोवर सोसू, ही आपल्याकडची सवय इथे उपयोगाची नाही.

मग पाचव्या-सहाव्या दिवशी तरतरी येते. मुगाची खिचडी गोड लागते, माणूस ओट्यावर येऊन बसतो, घराचा जीव भांड्यात पडतो. नेमक्या त्याच सुमारास, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात, पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात. चेहरा बरा दिसतो आणि शरीराची राखण उठलेली असते. पाहुणे नेमके तेव्हा येतात, कारण ‘आता बरं आहे’ असा निरोप गेलेला असतो. मायेनेच येतात, पण एखाद्याची सर्दी त्या घराला महागात पडते. या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, तर सकाळची वाट पाहायची नाही. तापाची गोळी देऊन तो दाबायचाही नाही. रात्र असली तरी रुग्णालयाला फोन करायचा आणि निघायचं. घरात एक थर्मामीटर आणि भिंतीवर लिहिलेला तो नंबर, एवढी तयारी पहिल्या किमोच्या आधीच हवी.

दुभत्या जनावरांचा हा आपला नगर जिल्हा. काउंट खाली असताना शेणघाण काढणं, धुळकट कडबा हलवणं टाळायला हवं, कारण त्यातले जंतू आणि बुरशी अशा शरीराला पेलत नाहीत. आता ज्या बाईचा दिवस वर्षानुवर्षं गोठ्यात उजाडला, तिला ‘आराम कर’ म्हणणं सोपं आहे. धार कुणी काढायची आणि डेअरीला दूध कुणी घालायचं, हे ठरल्याशिवाय त्या शब्दाला काही अर्थ नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं करत आलेल्या माणसाला आपल्यासाठी कुणाला तरी सांगावं लागतं, याचं दुखणं मला मळमळीपेक्षा मोठं वाटतं. त्यात दोन-तीन आठवड्यांनी केस हातात येऊ लागतात. सगळ्याच औषधांनी जात नाहीत, आणि गेलेले बहुधा उपचारानंतर परत येतात. पण तोवर घरातच ठेवलेला आजार केस गेले की गावाला कळतो. रडू त्याचंही येतं. ते येऊ द्यावं. ‘केसांचं काय एवढं’ असं कुणी म्हणू नये.

उपाय सांगणारे तर ओळीने येतात. कुणी अंगणातल्या सदाफुलीची पानं चावायला सांगतं. सदाफुलीपासून विन्क्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही किमोची औषधं निघाली हे खरं. पण ती शुद्ध करून, तोलून, शिरेतून द्यायची असतात. पानं विषारी असतात. ती किंवा त्यांचा काढा किमोत भर घालत नाही, जीव मात्र धोक्यात घालतो.

या सगळ्यात मला जामखेड आठवतं. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले आणि त्यांनी गावोगावच्या, बऱ्याचशा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. दवाखान्याच्या दारापर्यंत पोचण्याआधी आणि तिथून परतल्यानंतर जे घडतं, ते गावातल्या साध्या माणसाच्या हातात असतं, यावर त्यांचा विश्वास होता. त्या बायकांनी आपापल्या गावात तो खरा करून दाखवला. ते काम प्रामुख्याने बाळंतपणाचं, कुपोषणाचं, कुष्ठरोगाचं होतं. पण किमोच्या मधल्या वीस दिवसांनाही असंच जाणतं शेजारपण लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमोचा खर्च बसतो, एसटीत कर्करोगाच्या रुग्णाला भाड्यात सवलत आहे. एवढं माहीत असलेला एक जण जरी आळीत असला तरी त्या घराची किती धावपळ वाचते.

तुमच्या वस्तीवर कुणाचा किमो नुकताच सुरू झाला असेल, तर भेटायला जाण्याआधी फोन करा. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. आणि फोनवर तब्येत विचारून झाली की त्यांच्या गाईंची धार सध्या कोण काढतंय, हेही विचारा.