सेफ्टी कार कोणासाठी असते?

मुरगावात बोगदा परिसरातल्या रस्त्यांवर मोटारशर्यत भरवण्याचा बेत 2025 मध्ये पुढे आला आणि तिथल्या रहिवाशांनी त्याला विरोध केला. त्या वादावर डिचोलीत आम्हा मित्रांची बोलाचाली झाली आणि म्हापशाच्या एका वकीलमित्रांनी विषय थेट फॉर्म्युला वनच्या अबू धाबीतल्या शर्यतीपर्यंत नेला. त्यांचे म्हणणे असे : शर्यत प्रेक्षकांसाठी असते, तिची शेवटची फेरी मोकळी धावली गेलीच पाहिजे, आणि 12 डिसेंबर 2021 रोजी रेस डायरेक्टर मायकल मासी यांनी जे केले ते नियमात नीट बसत नसले तरी खेळाच्या हिताचे होते. नियमाला कवटाळून बसणाऱ्यांना खेळ कळत नाही, असेही त्यांनी मला ऐकवले. हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

त्या दिवशी जगज्जेतेपदाच्या चढाओढीत मर्सिडीजचा लुइस हॅमिल्टन आणि रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टॅपन दोघेही 369.5 गुणांवर होते. ट्रॅकवर धोका असताना सगळ्या गाड्यांना आपल्या मागे हळू चालायला लावणारी गाडी म्हणजे सेफ्टी कार, आणि तो अर्धा गुणसुद्धा तिच्याच वादातून आलेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या स्पा इथे मुसळधार पावसात गाड्या सेफ्टी कारमागे थोड्या फेऱ्या फिरल्या आणि तेवढ्यावर अर्धे गुण वाटले गेले. अबू धाबीत 58 पैकी 53व्या फेरीत निकोलस लतिफीची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार बाहेर आली. आघाडीवरचा हॅमिल्टन जुन्या टायरांवर राहिला, व्हर्स्टॅपनने पिटमध्ये जाऊन नवे मऊ टायर चढवले. दोघांच्या मध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. आधी निरोप आला, की मागे पडलेल्यांनी पुढे जायचे नाही. मग फक्त त्या पाचांना वाट दिली. व्हर्स्टॅपनच्या मागे तशाच अडकलेल्या गाड्या जागच्या जागी राहिल्या. नियमाप्रमाणे सेफ्टी कारने त्यानंतर आणखी एक फेरी पुढे राहायला हवे होते, पण तिला त्याच फेरीच्या शेवटी आत बोलावले. उरलेल्या एका फेरीत जगज्जेतेपद व्हर्स्टॅपनकडे फिरले.

या हकिगतीत कार्लोस साइंझचे नाव कोणी घेत नाही. तो तिसरा होता आणि त्याच्या पुढच्या मागे पडलेल्या गाड्या तशाच ठेवल्या होत्या. शेवटची फेरी मोकळी धावली गेली असे म्हणतात, ती दोघांपुरती. तिसऱ्याला ती मोकळी नव्हती. वकीलमित्रांच्या युक्तिवादात या माणसाला जागाच नाही.

मर्सिडीजने तक्रार केली तेव्हा दोन बचाव पुढे आले. रेड बुलचा बचाव असा, की नियमात मागे पडलेल्या 'कोणत्याही' गाड्यांना पुढे जाऊ द्यावे असे आहे, 'सगळ्या' असे नाही. दुसरा बचाव कलम 15.3 चा : सेफ्टी कारच्या वापराबाबत रेस डायरेक्टरचा शब्द अंतिम. स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, तक्रार फेटाळली, मर्सिडीजने अपिलाचा विचार चार दिवसांनी सोडला. मार्च 2022 मध्ये खेळाची नियामक संस्था एफआयए हिच्या अहवालाने मानवी चूक झाल्याचे मान्य केले. तोपर्यंत मासी पदावरून गेले होते आणि नियमात 'सगळ्या' हा शब्द आला होता.

या दोन्ही बचावांना उत्तर द्यायला युरोपातला कायदेपंडित लागत नाही. चिपळूणजवळच्या परिसरात जन्मलेल्या भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात मीमांसेचे, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राचे, अर्थनिर्णयाचे नियम विस्ताराने मांडले आहेत. त्यांत ग्रहैकत्वन्याय आहे; ग्रह म्हणजे पेला. सोमयागात रस भरायचे पेले अनेक असतात, आणि विधिवाक्य मात्र एकवचनात सांगते की पेला पुसावा. मग एकच पुसायचा की सगळे? जैमिनीच्या सूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातला निर्णय असा, की सगळे. पेला हा उद्देश्य आहे, पुसणे हे विधेय. ज्याच्यावर क्रिया करायची त्याची संख्या वाक्याला सांगायचीच नसते. तो ओळखता यावा एवढ्यासाठी त्याचे नाव घेतलेले असते. यज्ञात येणाऱ्या प्रत्येक पेल्याला तो संस्कार हवा. अबू धाबीत मागे पडलेल्या गाड्या उद्देश्य होत्या, वाट देणे विधेय. रांगेत चुकीच्या जागी असणे हा दोष प्रत्येक गाडीत सारखाच होता. त्यांतल्या पाच निवडून बाकीच्या सोडायच्या तर त्या निवडीला नियमातच आधार हवा होता, आणि तो नव्हता. 'कोणत्याही' या शब्दावर लढलेला खटला मीमांसकांनी कित्येक शतकांपूर्वी निकालात काढला होता.

कलम 15.3 चेही तेच, त्यालाही मीमांसेत दाखला आहे. आहुती आहवनीय अग्नीत द्यावी हा सामान्य नियम. पण सोम विकत घेण्याच्या प्रसंगी गायीच्या पावलाच्या ठशावर आहुती द्यावी असे विशेष वाक्य आहे. तिथे विशेष वाक्य चालते, सामान्य वाक्य तेवढ्या जागेपुरते मागे सरते. सेफ्टी कारवर रेस डायरेक्टरची सत्ता आहे, हे सामान्य. ती आत कधी यायची याची पायरीवार पद्धत, हे विशेष. सामान्य अधिकाराने विशेष पद्धत पुसता येत असेल, तर ती लिहिलीच कशाला?

हे सगळे अक्षराच्या बाजूने झाले. पण अक्षराला धरून चालल्याने माणूस मेल्याचा दाखलाही याच खेळात आहे. 5 ऑक्टोबर 2014, जपानचे सुझुका, पाऊस, उतरता उजेड. आड्रियान सुटिलची गाडी घसरून कडेला गेली, ती उचलायला ट्रॅक्टर आत आला. दुहेरी पिवळे बावटे दाखवले, म्हणजे नियमाचे पालन झाले होते. सेफ्टी कार बोलावली नव्हती. पुढच्याच फेरीत ज्यूल बियांकी त्याच जागी घसरला आणि ट्रॅक्टरवर आदळला. जुलै 2015 मध्ये तो गेला. प्रत्यक्ष गाडी न आणता सगळ्यांना वेग उतरवायला लावणारी व्हर्च्युअल सेफ्टी कार त्या अपघातानंतर आली.

म्हणून माझी मागणी अक्षरावर थांबत नाही. जैमिनीचा तिसरा अध्याय ज्या प्रश्नाचा आहे तो शेष-शेषीचा : कोण कोणासाठी आहे? सेफ्टी कार ही वळणावर उभ्या असलेल्या मार्शलसाठी, क्रेनवाल्यासाठी, गाडीत अडकलेल्या चालकासाठी असते. गाड्या एकमेकींना चिकटतात आणि शर्यत रंगते, हे तिचे आनुषंगिक फळ. आनुषंगिकालाच प्रयोजन मानले की काय होते ते सिंगापूरने 2008 मध्ये दाखवले. संघाच्या सांगण्यावरून नेल्सन पिके ज्युनियरने गाडी मुद्दाम भिंतीवर घातली, कारण सेफ्टी कार यायला हवी होती. फर्नांडो अलोन्सो जिंकला. फेलिपे मासाचे जगज्जेतेपद त्या वर्षी एका गुणाने हुकले. मासी यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही, अहवालानेही तसे म्हटलेले नाही. पण सेफ्टी कार रंगतीसाठी वापरायची ही कल्पना दोन्हीकडे एकच.

यातून माझी भूमिका ठरते. अधिकाऱ्याचा विवेक एकाच दिशेने चालावा. नियमात नसताना सेफ्टी कार बोलावणे, ती जास्त वेळ ठेवणे, शर्यत थांबवणे, हे सगळे त्याने खुशाल करावे. ती नियमाआधी आत घेणे त्याच्या हातात नसावे.

डिचोलीत राहणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. 2012 मध्ये खाणी बंद होण्यापूर्वी साखळी, पाळी, उसगावच्या रस्त्यांवर खनिजाचे ट्रक धावत. कमाई खेपेवर, म्हणून धक्क्यावर आधी पोचायची चढाओढ. भरलेल्या ट्रकापेक्षा रिकामा परतणारा अधिक घातक, कारण त्याला पुढची खेप गाठायची असे. ताडपत्रीखालून लाल माती सांडायची, कडेला पोरे नाकाला रुमाल लावून गटाराच्या काठावर उभी राहायची. शाळेच्या वेळेत वाहतूक बंद ठेवा, ही गावोगावची मागणी. अशा अटी लागल्या की त्या शिथिल करणारा 'अपवाद' मालाच्या बाजूने निघायचा. शाळा सुटायला उशीर झाला म्हणून वाहतूक आणखी अर्धा तास थांबवा, असा अपवाद कोणी काढल्याचे मला आठवत नाही. हेच वकीलमित्र एका गावाच्या बाजूने उभे राहून सांगत असत, की सामान्य अधिकाराच्या जोरावर विशेष अट सैल करता येत नाही. तो युक्तिवाद उत्तम होता. मोटारशर्यतीपाशी येऊन त्यांनी तो का सोडला, हे त्यांनी सांगावे.

प्रेक्षकांचा मुद्दा मी टाळत नाही. 11 सप्टेंबर 2022 रोजी इटलीत मोंझाला नियम तंतोतंत पाळला गेला आणि शर्यत सेफ्टी कारमागेच संपली. फेरारीच्या चाहत्यांनी हुर्यो उडवली. लाखभर माणसे पैसे मोजून येतात, त्यांना संथ रांग पाहून परत जावे लागणे हा तोटा आहे आणि तो खरा आहे. तो सोसावा असेच माझे मत आहे. शेवट मोकळा हवाच असेल तर वेळीच लाल बावटा दाखवून शर्यत थांबवावी, ट्रॅक साफ करावा, मग पुन्हा सोडावी. तो पर्याय अबू धाबीतही होता.

चालकांच्या दंडालाही मी हीच फूटपट्टी लावतो. 6 जुलै 2025 रोजी सिल्व्हरस्टोनला ऑस्कर पियास्त्रीने सेफ्टी कारचे दिवे विझल्यावर ओल्या रस्त्यावर ताशी 218 किलोमीटरवरून 52 पर्यंत वेग उतरवला. मागचा व्हर्स्टॅपन क्षणभर त्याच्या पुढे गेला. पियास्त्रीला 10 सेकंदांचा दंड झाला, विजय लँडो नॉरिसकडे गेला. रांगेचा वेग ठरवणे आघाडीवाल्याचा हक्क, असे म्हणून पुष्कळांनी दंडाला नावे ठेवली. मला तो रास्त वाटतो. मागच्याला पाण्याच्या फवाऱ्यातून काही दिसत नसताना असा ब्रेक लावण्याचा हक्क कोणालाच नाही. पण 2022 मध्ये सुझुकालाच पिअर गास्लीला पावसात ट्रॅकवर ट्रॅक्टर आडवा दिसला. तो संतापून बोलला, आणि लाल बावट्याखाली वेगाने गेल्याबद्दल दंड त्यालाच झाला. वेग जास्त होता, दंड नियमात होता. ट्रॅक्टर आत सोडणाऱ्यांना मात्र कसला दंड? बियांकीच्या सुझुकात आठ वर्षांनी हा प्रश्न विचारावा लागतो, याचा मला राग आहे.

गोव्यात शर्यत कधी आलीच, मग ती मुरगावात असो की पेडण्यात मोपाच्या बाजूला, तर माझी मागणी ठरलेली आहे. करारातले अधिकाराचे कलम आधी मराठीत आणि कोकणीत छापून लोकांसमोर ठेवावे. सेफ्टी कार, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेची वाट यांबाबत रेस डायरेक्टरला सवलत देता येणार नाही, फक्त कडक होता येईल, असे त्यात लिहिलेले असावे. रुग्णवाहिकेच्या वाटेत तिथल्या रहिवाशांच्या घरांकडे जाणारी वाटही धरावी. वकीलमित्रांनी त्या कलमाचा मसुदा करून द्यावा, त्यांच्याइतका नेमका तो दुसऱ्या कोणाला जमणार नाही.