विदूषकाचे दुःख आणि आपले हसू

विदूषकाने हसवावे ही अपेक्षा रास्तच आहे. त्यासाठीच आपण तिकीट काढलेले असते. परंतु ज्या घडीला त्याच्या स्वतःच्या अंतःकरणावर घाव बसला आहे, त्या घडीलाही त्याने हसवावे काय? आणि आपण हसलो, तर आपल्या हातून अपराध घडतो काय?

राज कपूर यांच्या ‘मेरा नाम जोकर’ या १९७० च्या चित्रपटाने हा प्रश्न आपल्यापुढे ठेवला. उपनगरातील चेंबूर येथे त्या काळी असलेल्या आर. के. स्टुडिओची ही निर्मिती. सुमारे चार तासांचा, दोन मध्यंतरांचा हा चित्रपट त्या वेळी प्रेक्षकांनी नाकारला. ख्रिस्ती शाळेत शिकलेला गरीब राजू पुढे सर्कशीत विदूषक होतो. त्याच्या वडिलांचा अंतही सर्कशीतच झालेला. मुलाला उंच झोक्यावर पाहून आई कोसळते व प्राण सोडते. आणि राजूला रंगलेल्या चेहऱ्यानेच रिंगणात उतरावे लागते. याच चित्रपटात विदूषकांची टोळी त्याच्या हृदयावर लुटुपुटुची शस्त्रक्रिया करते आणि भलेमोठे हृदय बाहेर काढते. स्वप्नात घडावे तसे ते विचित्र दृश्य आहे.

येथे प्रेक्षक दोन आहेत. सर्कशीतल्या प्रेक्षकाला काही ठाऊक नाही. तो मनमोकळा हसतो. जेथे ज्ञान नाही तेथे दोषही नाही. चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला मात्र सारे ठाऊक आहे. त्याचे हसू ओठांवरच थिजते. दोघांत फरक आहे तो केवळ जाणण्याचा.

अंधेरीच्या लोखंडवाला परिसरात १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी हास्य क्लब सुरू केला. आरंभी सभासद बागेत एकमेकांना विनोद सांगत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले व कुणाला तरी बोचणारे उरले. तेव्हा विनोदावाचूनच हसायचे ठरले. हसण्यासाठी कुणाचा बळी लागतोच असे नाही, हे त्या मंडळींनी ओळखले.

आज त्याच अंधेरीत तरुण मुले-मुली चार-पाच मिनिटांसाठी माईकपुढे एकटी उभी राहतात. कुणी आपल्या रूपावर, कुणी घरच्या भांडणांवर विनोद करतो. विनोद पडला की ती शांतता त्यांनाच सोसावी लागते. आपण हसू नये, असे आम्ही म्हणणार नाही. ते हसू त्यांची भाकर आहे, कित्येकदा आधारही. दोष हसण्यात नाही. जाणूनही हसून झाल्यावर माणसाला विसरण्यात आहे.

असा राजू आपल्याही पॅरिशमध्ये असतो. लग्नात टोस्ट देऊन मांडव डोलवणारा तोच. पण मांडव उतरल्यावर त्याच्या घरी कोण जाते? पुढच्या खेपेस पोटभर हसू या. मग त्याला बाजूला घेऊन विचारू या, “तू कसा आहेस?” आणि त्याने लगेच विनोद केला, तरी उत्तरासाठी थांबू या.