पोस्टकार्डात मावलेलं शहर

ऑक्टोबर १९६१. नायजेरियातल्या इबादान शहरात, युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आवारात, एका विद्यार्थ्याला पडलेलं पोस्टकार्ड सापडलं. लिहिणारी मार्जरी मिचेलमोर, तेविशीतली अमेरिकन मुलगी, पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या परदेशसेवा संस्थेची स्वयंसेविका. हार्वर्डमध्ये प्रशिक्षण घेऊन ती आणि तिचे सोबती इथल्या शाळांत शिकवायला आले होते. मायदेशातल्या मित्राला लिहिलेल्या त्या चार ओळींत इथली घाण होती, राहणीचं मागासलेपण होतं, आणि इथे माणसं रस्त्यावरच राहतात, रांधतात, विकतात, हेही होतं. कार्ड टपालात पडलंच नाही. त्याच्या प्रती निघाल्या, सभा झाल्या, या पाहुण्यांना परत पाठवा अशी मागणी झाली. मिचेलमोरने माफी मागितली आणि ती अमेरिकेला परतली. देश स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

रस्त्याबद्दल तिने लिहिलं ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि म्हणूनच ते झोंबलं. सकाळी घरासमोर चूल मांडून बाई आकारा तळते. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून केलेले हे वडे. नव्या माणसाला वाटतं, बिचारीला स्वयंपाकघर नाही. पण ते तिचं दुकान असतं. इथल्या योरुबा समाजात बाईचा धंदा नवऱ्याच्या मिळकतीपासून वेगळा. त्यातून मुलांची फी जाते, एसुसुचा हप्ता जातो. एसुसु म्हणजे आपली भिशीच. बाजारातल्या बायकांची प्रमुखही बाई, तिला इयालोजा म्हणतात, आणि तिला दुखवायला राजकारणीही कचरतात. त्या शहरात रस्ता ओसरीचं काम करतो. ज्याच्या गावी ओसरीच नाही, त्याला ती उघड्यावर पडलेली खोली वाटली तर नवल नाही.

पण विद्यार्थ्यांचा राग मला तितका सरळ वाटत नाही. त्या काळी कॉलेजपर्यंत पोचलेली ती देशातली मूठभर नशीबवान पोरं. त्यांतल्या कित्येकांची फी अशाच एखाद्या चुलीपाशी बसलेल्या आईने भरली असणार. जे घर मागे टाकून आपण इथवर आलो, तेच परक्या मुलीने कार्डावर लिहून ठेवलं, ही लाजही त्या रागात मिसळली असेल. आमच्या गल्लीवर कुणी असं कार्ड लिहिलं असतं, तर निषेधाच्या सभेत मी पहिल्या रांगेत बसलो असतो. आणि घरी येऊन गटारीवरून नगरपालिकेला शिव्याही दिल्या असत्या.

याच कॉलेजात चिनुआ अचेबे शिकले होते. त्यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ची, म्हणजे कार्डाच्या तीनच वर्षं आधीची. तिच्या शेवटी इंग्रज जिल्हाधिकारी नायकाच्या मृत्यूकडे पाहतो आणि मनाशी हिशेब करतो, की आपल्या पुस्तकात या माणसाला एखादा परिच्छेद पुरेल. ज्याच्यासाठी अचेबेंनी अख्खी कादंबरी खर्च केली, त्याला एक परिच्छेद! मिचेलमोर सत्ता गाजवायला आलेली नव्हती, शिकवायला आली होती. तिची तुलना त्या साहेबाशी करणं अन्यायाचं आहे. पण त्या पोरांनी कार्ड वाचलं ते साहेबाचा परिच्छेद माहीत असताना. तिच्या चार ओळींना त्याचंही व्याज भरावं लागलं.

गंमत अशी, की पुढे नायजेरियाने स्वतःच्याच पोरांना परगावी धाडायचं ठरवलं. १९६७ ते १९७० बियाफ्रा या फुटून निघालेल्या भागावरून यादवी युद्ध झालं. माणसं शेजाऱ्याला ओळखत नव्हती, हे त्या रक्तातून कळलं. १९७३मध्ये राष्ट्रीय युवा सेवा सुरू झाली: पदवी घेतली की वर्षभर आपलं राज्य सोडून दुसरीकडे सेवा. या मुलांना तिथे ‘कॉर्पर’ म्हणतात. अडीचशेहून अधिक लोकसमूहांच्या देशात लागोसची योरुबा मुलगी उत्तरेतल्या सोकोटोला शिकवायला गेली, की हौसा भाषा तिच्या कानावरून जाते, उन्हाळा तिला सोसत नाही, आणि रात्री ती घरी फोन करून जे सांगते ते नक्कीच कुणाच्या हाती पडू नये असं असतं. फक्त फोन आवारात पडून राहत नाही.

मुदत संपेपर्यंत राहिलेल्या माणसाला काय मिळतं, हे मला तिथल्या साध्या बोलण्यातून कळतं. योरुबात प्रत्येक प्रसंगाचं अभिवादन वेगळं. काम करत असाल तर ‘ए कू इशे’, नुसते बसला असाल तर ‘ए कू इजोको’. म्हणजे बसणंसुद्धा दखल घेण्याजोगं. जेवणाऱ्यापाशी गेलात तर तो ताटावरून म्हणतो, या जेवायला, अगदी आपल्यासारखं; आणि आपल्यासारखंच, लगेच हात धुवायचे नसतात. तुम्ही ठेचकाळलात तर रस्त्यापलीकडचा अनोळखी माणूस ‘सॉरी’ म्हणतो. नवा अमेरिकन स्वयंसेवक चक्रावतो, कारण याने तर धक्काही दिलेला नसतो. ती माफी नसतेच, ते आपलं ‘अरेरे, लागलं का?’ असतं.

दोन वर्षांनी तो स्वयंसेवक बोस्टनला परततो. बर्फावर घसरलेल्या बाईला पाहून त्याच्या तोंडून सवयीने ‘सॉरी’ निघतं, आणि ती कपडे झटकत विचारते, “का? तुम्ही काय केलंत?”