अमोनियाचा कर्ता कोण?

कोणतंही कर्म घडतं तेव्हा त्यामागे पाच कारणं असतात, असं गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवं दैव. ही पाच न पाहता जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असंही तिथे पुढे म्हटलं आहे. ज्ञानेश्वरीत या पाचांचा विस्तार आहे. ‘मी केलं’ हा अभिमान गळून पडावा, हा त्या विवेचनाचा हेतू. पण हीच मांडणी एखाद्या रासायनिक कारखान्याच्या फाटकाशी नेली, की अभिमानाइतकाच दोषाचाही प्रश्न उभा राहतो. ज्ञान एकाचं, यंत्र दुसऱ्याचं, हुकूम तिसऱ्याचा आणि फळ भोगणारे कोट्यवधी. अशा वेळी जबाब कोणी द्यायचा?

विसाव्या शतकात हा प्रश्न फार तीव्रपणे उभा केला तो अमोनियाने.

१८९८ साली ब्रिस्टल इथे विल्यम क्रुक्स या शास्त्रज्ञाने गव्हाच्या संभाव्य तुटवड्याचा इशारा दिला होता. शेतांना नत्र हवं होतं आणि युरोप ते चिलीच्या वाळवंटातल्या सोऱ्यातून मिळवत होता. तो साठा कधीतरी संपणारच होता. खरं तर हवेचा जवळजवळ ७८ टक्के भाग नायट्रोजनच आहे; पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात की पिकांना तो जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. डोक्यावर नत्राचा महासागर आणि मुळाशी दुष्काळ, अशी ती स्थिती.

हा बंध तोडून नायट्रोजनचा हायड्रोजनशी संयोग घडवायचा, तर निसर्ग दोन परस्परविरोधी अटी घालतो. या क्रियेत वायूचे चार रेणू नाहीसे होऊन अमोनियाचे दोनच तयार होतात, म्हणून दाब वाढवला की अमोनिया जास्त मिळतो. मात्र क्रिया उष्णता बाहेर टाकणारी आहे, त्यामुळे तापमान चढवलं की उत्पादन घटतं. उलट तापमान उतरवलं, तर उत्पादन चांगलं मिळायला हवं, पण क्रिया इतकी मंदावते की हाती काहीच येत नाही. या कोंडीतून बाहेर काढू शकेल तो उत्प्रेरकच. फ्रिट्झ हाबर आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट ले रॉसिन्योल यांनी जुलै १९०९मध्ये कार्लस्रूहच्या प्रयोगशाळेत ऑस्मियम हा दुर्मीळ धातू वापरून, सुमारे ५५० अंश सेल्सिअस तापमानाला आणि वातावरणाच्या जवळपास दोनशेपट दाबाखाली, अमोनियाची सलग धार काढून दाखवली. ती पाहायला बीएएसएफ कंपनीचे तज्ज्ञ आले होते.

प्रयोगशाळेतली धार कारखान्यात आणण्याचं काम त्याच कंपनीतल्या कार्ल बॉश यांनी केलं. आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या घेऊन महागड्या ऑस्मियमच्या जागी लोखंडाचं स्वस्त मिश्रण शोधलं. पोलादाच्या भट्ट्या मात्र फुटत होत्या. तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन खेचून घेई आणि धातू ठिसूळ होई. बॉश यांनी आत मऊ लोखंडाचं अस्तर दिलं आणि बाहेरच्या पोलादी कवचाला बारीक भोकं पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन निघून जाईल. १९१३ साली ओपाऊ इथला कारखाना सुरू झाला.

आता गीतेतली पाच कारणं इथे लावून पाहावीत. कर्ता हाबर आणि बॉश. साधनं म्हणजे लोखंड, पोलाद, पंप. क्रिया हजारो कामगारांच्या. अधिष्ठान जर्मनीचं राष्ट्र आणि त्याचं भांडवल. आणि दैव? रेणूंचा समतोल कोणत्या दाबाला कुठे झुकेल, हे कोणा माणसाने ठरवलेलं नाही. तो नियम पेरणाऱ्याला जसा लागू होतो तसाच मारणाऱ्यालाही.

ते लगेच दिसलं. १९१४मध्ये युद्ध पेटलं, ब्रिटिश आरमाराने चिलीचा सोरा रोखला आणि ओपाऊचा अमोनिया नायट्रिक आम्लामार्गे स्फोटकांकडे वळला. याच अमोनियामुळे जर्मनी इतकी वर्षं लढू शकली, असं अनेक इतिहासकार मानतात. हाबर स्वतः आणखी पुढे गेले. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ दीडशे टनांहून अधिक क्लोरिन शत्रूच्या खंदकांवर सोडण्यात आला, तो त्यांच्या देखरेखीखाली. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते तोच त्यांच्या पत्नी क्लारा इमरवार यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या स्वतः रसायनशास्त्रातल्या डॉक्टरेट होत्या. अमोनियासाठी १९१८चं नोबेल हाबर यांना मिळालं. १९३३मध्ये ज्यू वंशामुळे त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि पुढच्या वर्षी बाझल इथे त्यांचा मृत्यू झाला.

एका माणसाच्या या दोन कर्मांना एकच माप लावायचं का? बौद्धांच्या मज्झिम निकायातल्या उपालिसुत्तात हाच वाद आहे. तिथे निर्ग्रंथांचा, म्हणजे जैनांचा, पक्ष कायेने केलेलं पाप सर्वांत जड मानतो. बुद्ध मनाने केलेलं जड ठरवतात. बुद्धांच्या या मापाने १९०९ आणि १९१५ यांत अंतर पडतं. अमोनिया शोधताना पिकाचा विचार होता, क्लोरिन सोडताना मारण्याचा. ‘विज्ञान तटस्थ असतं’ असं म्हणून दोन्ही एका पोत्यात भरता येत नाहीत. क्लोरिनचा रेणू तटस्थ आहे, तो कधी आणि कोणावर सोडायचा हा निर्णय तटस्थ नाही.

पण नुसत्या हेतूच्या मापाने तंत्रज्ञानाचा सगळा हिशेब लागत नाही. २१ सप्टेंबर १९२१ रोजी त्याच ओपाऊ कारखान्यातल्या कोठारात अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांच्या मिश्रणाचं सुमारे ४,५०० टन खत होतं. साठवणीत ते दगडासारखं घट्ट होई, म्हणून कामगार त्यात छोटे सुरुंग लावून ते मोकळं करत. हे हजारो वेळा केलं गेलं होतं आणि काही झालं नव्हतं. त्या सकाळी मात्र कोठारच उडालं, सुमारे २० मीटर खोल खड्डा पडला आणि पाचशेहून अधिक माणसं मेली. कुणाच्याही मनात हिंसा नव्हती. हे मिश्रण उडत नाही असा अनुभवाने पक्का झालेला विश्वास होता. ढिगाच्या काही भागांत नायट्रेटचं प्रमाण वाढलेलं असू शकतं, ही शंका मात्र कोणी घेतली नाही.

इथे जैन परंपरा नेमकं बोलते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावध वागण्याला, मध्यभागी ठेवलं आहे. कारखान्याच्या युगात ही व्याख्या फार मोलाची आहे. रसायनशास्त्राचे दूरचे परिणाम कोणालाही आधी पूर्ण दिसत नाहीत, त्यामुळे ‘फळ माहीत नव्हतं’ ही सबब बहुतेकदा खरीच असते. पण साठा किती, तो कशाशेजारी, धोक्याची सूचना कोणी दिली आणि कोणी ऐकली नाही, हे कळण्यासारखं असतं. भोपाळमध्ये १९८४च्या डिसेंबरात मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट सहा वर्षांहून अधिक काळ पडून होतं. २०२०च्या ऑगस्टमध्ये ते उडालं. दोन्ही ठिकाणी रसायनाने आपला नियमच पाळला.

कर्ते पुष्कळ असले की दोष वाटला जातो आणि वाटता वाटता कोणाच्याच वाट्याला येत नाही, ही आधुनिक उद्योगाची सोय आहे. पाच कारणांच्या विवेचनाचा असा उपयोग करणं म्हणजे त्याचा विपर्यास. अनेक कारणं मिळून कर्म घडत असेल, तर त्या प्रत्येक जागी जागं राहणारं माणूस लागतं: सूत्र लिहिणारा, टाकी भरणारा, परवाना देणारा, खर्च कापणारा. हाबर यांना ओपाऊचे मृत्यू चिकटवता येणार नाहीत. कोठारात सुरुंग लावण्याची रीत ज्यांनी मान्य केली, ते मात्र त्यातून सुटत नाहीत.

हा हिशेब महाराष्ट्राच्या दारातही आहे. ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळ इथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे कारखाने हवेतल्या नायट्रोजनचं खत करतात. थळच्या खतकारखान्यातल्या वायूतूनच शेजारी अणुभट्ट्यांसाठी जड पाणीही वेगळं काढलं जातं. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचं अन्न हाबर-बॉश प्रक्रियेच्या नत्रावर उभं आहे. त्याच वेळी शेतात टाकलेल्या नत्राचा मोठा भाग पिकाला मिळत नाही. तो नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. शंभर वर्षांच्या मापाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७०पट तापमान वाढवतो. युरियाची जादा गोणी टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात हिंसा नाही, स्वस्त युरियाचं धोरण आखणाऱ्याच्याही नाही. तरी विहिरीतलं नायट्रेट वाढतच राहतं. २०१५पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणं सक्तीचं झालं, त्याने नत्र हळूहळू सुटतं. माती तपासून गोण्यांची संख्या ठरवणं हे त्यापुढचं काम आहे, आणि ते शेतकरी, कृषी खातं आणि कारखाना या तिघांनाही करावं लागणार आहे.