माल कुणाला द्यायचा?

थायोपेंटल हे भूल देण्याचं जुनं औषध. अमेरिकेतल्या तुरुंगांनी ते मृत्युदंडाच्या इंजेक्शनसाठी वापरलं. तिथे त्याचा तुटवडा झाला तेव्हा नेब्रास्काच्या तुरुंग खात्याने ते मागवलं थेट मुंबईहून, कायेम फार्मास्युटिकलकडून. बोभाटा झाल्यावर एप्रिल २०११ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की हिंदू संस्कार मानणारे व्यापारी म्हणून आम्ही निव्वळ मृत्युदंडासाठी हे औषध विकणार नाही. माल पोचल्यावर सुचलेलं शहाणपण, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या निवेदनात नकार होता तो गिऱ्हाइकाला नव्हे, उपयोगाला. आणि हा फरक मला मोलाचा वाटतो. गिऱ्हाइकाचं चारित्र्य तपासत बसलेला दुकानदार कुणालाच नको असतो. पण झोपेच्या गोळ्या मागितल्या की केमिस्ट चिठ्ठी बघतो, त्याचा आपल्याला राग येत नाही.

खरी कसोटी लागली ती डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीची. तिचं पेंटोबार्बिटल अपस्माराच्या गंभीर झटक्यांवर दिलं जाई. तेही तुरुंगांत जाऊ लागलं. आधी कंपनी म्हणाली, आम्ही विरोध करतो, पण वितरण आमच्या हातात नाही. उत्पादनच थांबवलं तर हात स्वच्छ राहिले असते, पण रुग्ण औषधाविना राहिले असते. टीका वाढली, तसा जुलै २०११ मध्ये मार्ग निघाला: ठरावीक वितरकामार्फतच विक्री, मृत्युदंड देणाऱ्या राज्यांतल्या तुरुंगांना नकार, आणि माल परस्पर पुढे देणार नाही असं प्रत्येक खरेदीदाराकडून लेखी. ‘आमच्या हातात नाही’ म्हणणाऱ्यांना काही महिन्यांत हात सापडले! पर्यावरणाच्या बाबतीतही कंपन्या हेच वाक्य ऐकवतात, म्हणून ही हकिकत लक्षात ठेवण्यासारखी.

अर्थात यामुळे मृत्युदंड थांबला नाही. राज्यांनी मागणीनुसार औषधं बनवून देणारी छोटी दुकानं गाठली. जानेवारी २०२४ मध्ये अलाबामाने नायट्रोजन वायू वापरला. ‘आम्ही नाही दिला तर दुसरा देईल’ हा व्यापारातला हुकमी युक्तिवाद इथे खराही ठरला. तरी एक गोष्ट त्यात बसत नाही. अनेक राज्यांनी औषध पुरवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवण्याचे कायदे केले. नाव उघड झालं तर पुरवठादार माघार घेतील, ही धास्ती त्यामागे होती.